निपाणीचे मामा मेरीलँडच्या तंबाखूत

मामा-मामी निपाणीहून आले, त्यांना व्हाइट हाऊस दाखवून झालं. मामांचा अभिप्राय : "कुंपण बरं हाय." मग आम्ही पोटोमॅक नदीकाठी ॲकोकीकला गेलो, नॅशनल कलोनियल फार्म बघायला. 1770 च्या सुमाराची मेरीलँडची शेती तिथे जशीच्या तशी मांडून ठेवली आहे : चूल, गोठा, डुकरं, शेणाचा वास. अमेरिकेतल्या मराठी माणसाला असल्या जागांची फार ओढ. सनस्क्रीन फासून तो शेण बघायला जातो.

ही जागा टिकली त्याला कारण समोरचं घर. नदीपलीकडे व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन आहे. 1950 च्या दशकात अलीकडच्या काठावर तेलाच्या टाक्या येणार अशी चिन्हं दिसली, तेव्हा ओहायोच्या काँग्रेस सदस्य फ्रान्सिस बोल्टन यांनी सरळ जमीनच विकत घेतली. वॉशिंग्टन जाऊन दीडशे वर्षं उलटली होती, तरी त्याच्या ओसरीवरून दिसणारा देखावा बिघडता कामा नये! मामा म्हणाले, "आमच्या गल्लीत समोरच्याचा देखावा बिघडवायलाच दुसरा मजला चढिवत्यात."

आणि मग मामांना तंबाखू दिसली.

त्यानंतर सहल माझ्या हातात राहिली नाही. झगा आणि पांढरी टोपी घातलेली एक तरुण बाई जुन्या काळची माहिती सांगत होती. मामा थेट सरीत. पान उलटून बघितलं, देठाशी वास घेतला. "हिला विचार, शेंडा कधी खुडणार? आन् हे फुटवे कोण काढणार, वॉशिंग्टन?" मी जमेल तसं इंग्रजी केलं. बाई खूश झाली. फुटवे काढायचेच राहिलेत, म्हणाली. तिने जुनं कोठार दाखवलं : पानं काठ्यांवर टांगून वाऱ्यावर वाळवायची. मामांनी मान हलवली. निपाणीची विडीची तंबाखू उन्हात वाळते, त्यामुळे सावलीतल्या मालाला ते पास करणं शक्यच नव्हतं.

बाई म्हणाली, तेव्हा इथे तंबाखू हेच चलन होतं. कर तंबाखूत, पाद्र्याचा पगारही तंबाखूत. "मग पाद्री हलकाच माल घरी नेत असणार," मामा. वॉशिंग्टन आपली तंबाखू लंडनच्या व्यापाऱ्याकडे पाठवायचा. भाव तिकडेच ठरायचा, दलाली तिकडेच कापली जायची, आणि वर कर्ज चढायचं. कंटाळून 1760 च्या दशकात तो गव्हाकडे वळला. हे ऐकताच मामा पहिल्यांदा त्या माणसाबद्दल आदराने बोलले. 1981 साली शेतकरी नेते शरद जोशींच्या तंबाखू आंदोलनात ते पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले होते. "कडता लावून वजन कापलं असणार त्याचं," ते म्हणाले. "वखारवाला लंडनचा असो न्हाईतर निपाणीचा."

"आन् मजूर किती?" 1799 साली पलीकडे 317 गुलाम होते, बाईने सांगितलं. "रोज?" काही नाही. मामांनी नदीपलीकडे बघितलं. "मग परवडलं न्हाई असं कुठल्या तोंडानं म्हणायचा?" हे मी भाषांतरित केलं. बाई म्हणाली, हा प्रश्न चांगला आहे.

जेवायला रस्त्यालगतच्या एका खेकड्यांच्या हॉटेलात गेलो. तिथे टेबलावर तपकिरी कागद पसरतात, हातात लाकडी हातोडी देतात आणि वाफवलेले खेकडे तुमच्यापुढे ओततात. नर-मादी ओळखायची खूणही राजधानीला शोभेशी : पोटावर वॉशिंग्टन स्मारकाचा सुळका दिसला तर नर, कॅपिटॉलचा घुमट दिसला तर मादी. पण मामा मेनूवरच अडले. सगळ्यांपुढे आकडे, खेकड्यांपुढे मात्र 'बाजारभाव'.

"भाव लिवलेला न्हाई?"

"रोज बदलतो, मामा."

"कोण बदलतो?"

वाढणाऱ्या मुलीने डझनाचा भाव त्या कागदावरच पेनने लिहून दिला. मामांनी खाली तारीख घालायला लावली.

मामींचं माहेर सावंतवाडी. त्यांनी हातोडी बाजूला ठेवली आणि नांगी दाढेखाली धरून एका आवाजात फोडली. शेजारचं टेबल गप्प झालं. कवचावर फासलेला ओल्ड बे मसाला बोटाने पुसून चाटत त्या म्हणाल्या, "मसाला बरो आसा. पण कपड्यांका लावन् माणूस जेवता काय?"

मग पिशवीतून खोबऱ्याच्या वाटणाचा डबा निघाला.