मेंटेनन्सची दिल्ली

लोटे, आवाशी, घाणेखुंट, लवेल, असगणी या पट्ट्यात घरटी एक मेंटेनन्सवाला असतो. रसायनांच्या कारखान्यात तो फिटर म्हणून लागतो, पन्नाशीपर्यंत फोरमन होतो आणि निवृत्त होईस्तोवर त्याचं बारशाचं नाव रेशनकार्डापुरतं उरतं. आमच्या टोळक्यातल्यालाही आम्ही 'मेंटेनन्स'च म्हणतो. त्याची बायकोसुद्धा फोन करून "मेंटेनन्स आहेत का हो तिकडे?" असंच विचारते.

माणूस असा का होतो, हे परशुराम घाट चढून वर आल्याशिवाय कळायचं नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, अंगाला चिकटणारी दमट हवा आणि कारखान्यातली आम्लाची वाफ. या तिघांच्या तावडीत सापडलेल्या लोखंडाची धडगत नसते. मे महिन्यात रेड ऑक्साइड मारलेला कठडा गणपतीपर्यंत पापुद्रे टाकायला लागतो. पाइपावरचं लॅगिंग वरून शाबूत दिसतं, आत पाइप खाल्लेला असतो. उभी हयात या गंजाशी झटण्यात गेली की जगात दोनच प्रकारच्या वस्तू उरतात: गंजलेल्या आणि गंजणाऱ्या. माणसांचीही तो अशीच विभागणी करतो, पण तोंडावर बोलत नाही.

दिल्लीला गाडीनेच जायचं, ही टूम दुकानदाराची. गाडी त्याची, एर्टिगा. सोबत मास्तर, म्हणजे इतिहास शिकवून निवृत्त झालेले, मी, आणि मेंटेनन्स. निघायच्या पहाटे मेंटेनन्स हजर झाला तो कपड्यांची एक पिशवी आणि पान्यांच्या दोन पिशव्या घेऊन.

"एवढे पाने कशाला रे?" दुकानदाराने विचारलं.

"तुझ्या गाडीचा आवाज ऐकला म्हणून."

पनवेलपर्यंतचा रस्ता आम्ही तिघांनी शिव्या देत कापला. चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, तेव्हा मास्तर अजून नोकरीत होते. मेंटेनन्सला मात्र त्याचं काही वाटलं नाही. "शटडाऊन लांबतो रे कधी कधी," एवढंच म्हणाला. मुंबई-गोवा महामार्गाविषयी सहानुभूतीने बोलणारा दुसरा माणूस मला अद्याप भेटलेला नाही.

वापी आलं तशी त्याने काच खाली केली. आम्ही नाकाला रुमाल लावले. हा डोळे मिटून हुंगत होता आणि वासावरून आत काय शिजतंय ते सांगत होता. अंकलेश्वरला तर चहासाठी थांबायलाच लावलं. टपरीवर शिफ्ट सुटलेली पोरं होती. पाच मिनिटांत त्यांच्याशी गॅस्केट, ग्लँड आणि ठेकेदार या विषयांवर गप्पा सुरू. त्याला गुजराती येत नाही, पोरांना मराठी येत नव्हती, पण ठेकेदाराविषयी बोलायला भाषा लागत नाही. बडोद्याला सयाजीरावांचा लक्ष्मीविलास राजवाडा बघू म्हटलं, तर याचं म्हणणं कोयलीच्या रिफायनरीची ज्योत रस्त्यावरून दिसेल का ते आधी बघू. राजवाडा बघितला. मेंटेनन्सने त्याच्या पावसाळी पन्हळी बघितल्या. पुढे उदयपूरचं तळं, अजमेरचा दर्गा, जयपूरचा हवामहल. तिन्ही ठिकाणी लोखंड कमी, म्हणून हा गाडीत झोपून राहिला.

दिल्लीत मास्तरांनी सूत्रं हाती घेतली. लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासमध्ये उभं राहून त्यांनी सांगितलं, की 1760 साली सदाशिवरावभाऊंनी इथल्या छताची चांदी उतरवली आणि ती वितळवून फौजेचा खर्च भागवला. मास्तरांचा आवाज भरून आला होता, पुढे पानिपत यायचं होतं. तेवढ्यात मेंटेनन्स वर बघत म्हणाला, "म्हणजे पगाराला पैसे नव्हते म्हणून स्क्रॅप काढलं." मास्तर त्या दिवशी रात्रीच्या जेवणापर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत.

जंतरमंतरला मात्र उलटंच झालं. तिथे आम्हाला कंटाळा आला. मोठमोठे दगडी जिने, कुठेच न जाणारे. मास्तर अजून घुश्श्यातच होते, तरी शिक्षकाला गप्प राहवत नाही. त्यांनी माझ्याकडे तोंड करून सांगायला सुरुवात केली: सवाई जयसिंहाने आधी पितळेची यंत्रं करवून पाहिली होती, पण ती आकाराने लहान, त्यांचे आस झिजायचे, यंत्र हलायचं आणि मापं चुकायची, म्हणून त्याने 1724 च्या सुमारास दगडचुन्यात ही भलीमोठी यंत्रं बांधून काढली.

मेंटेनन्स थबकला. "थांबा. बेअरिंग झिजते म्हणून मशीनच दगडाचं केलं?"

"तसंच म्हण," मास्तर पाठमोरेच बोलले.

"फिरता भागच नाही! ग्रीस नाही, स्पेअर नाही, काही नाही!" सम्राट यंत्राच्या त्या तिरक्या भिंतीकडे तो असा बघत राहिला, की आम्हाला वाटलं आता नमस्कार करतो. "हा राजा नव्हे हो मास्तर. हा आपल्या डिपार्टमेंटचा माणूस."

जयसिंहाचं एवढं नेमकं मूल्यमापन मी इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं नाही.

खरी गंमत पुढे मेहरौलीला झाली. कुतुबमिनारासमोर सगळी दिल्ली मान वर करून उभी असते. साडेबहात्तर मीटर उंच वास्तू आहे, मान वर होणारच. दुकानदार आडवा पडून फोटो काढत होता. मास्तर सांगत होते, की मिनाराच्या आत आता कुणाला सोडत नाहीत. 1981 साली आतले दिवे गेले, अंधारात जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 45 माणसं गेली, त्यांत शाळेच्या सहलीची मुलं होती. मेंटेनन्सने एवढंच विचारलं, "वर जायला आणि खाली यायला जिना एकच?" एकच, म्हटल्यावर तो काही बोलला नाही. कारखान्यातल्या मॉक ड्रिलला बाकीचे सावलीत बिड्या ओढत बसायचे आणि हा एकटा असेंब्ली पॉइंटवर ताठ उभा राहायचा, असं त्याच्याविषयी सांगतात.

मग त्याला लोहस्तंभ दिसला.

मिनाराजवळच्या मशिदीच्या अंगणात सात मीटर उंचीचा, सहा टनांहून जड असा तो काळसर खांब उभा आहे. चंद्रगुप्त दुसरा याच्या काळातला, म्हणजे सोळाशे वर्षं उन्हापावसात. आणि गंजलेला नाही. येणारे लोक त्याच्याकडे एक नजर टाकतात, पाठ करून फोटो काढतात आणि मिनाराकडे वळतात. मेंटेनन्सने चष्मा पुसला आणि कठड्याशी जाऊन उभा राहिला तो तासभर हलला नाही. आधी वरपासून खालपर्यंत बघितलं. मग दुसऱ्या बाजूने. मग गुडघ्यावर बसून, खांब जिथे चौथऱ्यात शिरतो ती जागा बघितली. घरात देवासमोरसुद्धा तो गुडघ्यावर बसत नाही, गुडघे दुखतात म्हणून.

"भैया," त्याने पहारेकऱ्याला गाठलं, "इसको कलर कौन मारता है?"

"कोई नहीं मारता, साहब."

"प्रायमर?"

"साहब, रेलिंग से पीछे हटिए."

पूर्वी लोक खांबाला पाठ लावून मागे हात जुळवायचे; हात जुळले तर नशीब फळफळतं अशी समजूत होती. इतक्यांच्या अंगाचा आणि घामाचा घासारा लागला, की 1997 साली भोवती कुंपण घालावं लागलं. त्या उंचीवर खांब अजून वेगळा, चकचकीत दिसतो. वर एका ठिकाणी खळगा आहे, तो नादिरशहाच्या तोफगोळ्याचा असं सांगतात. मेंटेनन्सला नादिरशहात रस नव्हता. "गोळा बसला, तरी खांब मोडला नाही," एवढी नोंद त्याने घेतली.

मास्तरांचा राग एव्हाना उतरला होता. त्यांनी फोनवर शोधून वाचून दाखवलं: कानपूरच्या आयआयटीतले प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनी या खांबाचा अभ्यास केला, या लोखंडात फॉस्फरस बराच जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ थर तयार झाला आणि तोच लोखंडाला सांभाळतो. दिल्लीची कोरडी हवाही त्याच्या पथ्यावर पडली. जमिनीखालच्या भागावर मात्र गंज चढलेला आढळला.

"बघ!" मेंटेनन्सने माझ्या दंडाला धरलं. "वरती कितीही ठणठणीत असू दे, जमिनीत शिरतो तिथेच पाइप खातो. तीस वर्षं साहेबांना हेच सांगत होतो." मग एकदम आवाज खाली आणून त्याने विचारलं, "हा खांब लोट्याला उभा केला तर किती टिकेल?"

आम्ही तिघं गप्प. मास्तर म्हणाले, फॉस्फरस आहे, टिकेल. दुकानदार म्हणाला, पहिल्या पावसाळ्यात भंगारवाला नेईल. मेंटेनन्सने खूप विचार करून उत्तर दिलं, "माझ्या प्लांटमध्ये असता, तर टिकवला असता." बढाई म्हणावी तर त्यात बढाईचा सूर नव्हता. माणूस कामाचा अंदाज देत होता.

चांदणी चौक, पराठे, इंडिया गेट हे सगळं राहिलं, कारण उजेड गेला आणि हॉटेलात परतताना दुकानदार आणि तो यांच्यात डाव्या मागच्या चाकाच्या आवाजावरून जुंपली. चाक उघडलं. बेअरिंग गेलेलं होतं. दुकानदार अजूनही ही गोष्ट मान्य करत नाही.

आता मेंटेनन्सच्या डोक्यात कोलकाता शिरलंय. हावडा पूल 1943 चा, साडेसव्वीस हजार टन पोलाद, आणि सगळं रिव्हेटवर, नट-बोल्ट नाही. त्यातून त्याला कुणीतरी सांगितलंय, की पान खाऊन थुंकणाऱ्यांच्या पिचकाऱ्यांनी पुलाच्या खांबांची बुडं गंजली आणि त्यांना फायबरग्लासची आवरणं घालावी लागली. तेव्हापासून त्याला झोप नाही. मास्तरांनी तब्येतीचं कारण सांगितलंय, दुकानदाराने गाडीचं. तेव्हा कुणी कोलकात्याला गाडीने निघत असेल आणि एक जागा रिकामी असेल, तर जरूर कळवा. जेवणाखाण्याचा त्रास नाही, डिझेलचा वाटा वेळेवर देतो. फक्त त्याला मागे बसवू नका. मागे बसला की त्याला चाकाचा आवाज ऐकू येतो.