टोल भरत नाही, त्याला कोण विचारतो?

सोयरीक जमवताना जळकोटकर एक गोष्ट ठासून सांगतो : 'गाव रोडटच आहे.' (हे तुळजापूर तालुक्यातलं जळकोट. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट वेगळं. पाहुण्यांनी भलत्याच एसटीत बसू नये.) रोडटच म्हटल्यावर पाहुणे खूश. सोलापूर-हैदराबाद महामार्ग, पूर्वीचा ९ नंबर, आताचा ६५. मुलगी सुखात राहील. लग्नानंतर ती हा रोड ओलांडणार कशी, हे मात्र बैठकीत कोणी काढत नाही.

महामार्गावरच्या कुठल्याही गावात एक देखावा फुकट बघायला मिळतो. एसटीतून म्हातारी उतरते. एका हातात वायरची पिशवी, दुसरा हात वर. तो हात म्हणजेच झेब्रा क्रॉसिंग, तोच सिग्नल आणि तोच ट्रॅफिक हवालदार. ट्रकवाल्यानं बघितला तर बरा. पुढे दुभाजकात एक फट असते. दोन दगड काढलेले, झुडपं मोडलेली, माणूस आडवा होऊन निघेल एवढीच. गुत्तेदाराच्या नकाशात ही फट नसते, पण गावातल्या पोरासोरांना ती तोंडपाठ असते. तिथं कोणी गेलं की दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'धोकादायकरीत्या रस्ता ओलांडताना'. बिनधोक ओलांडायची जागा कुठं होती, हे बातमीत नसतं. बऱ्याचदा ती जमिनीवरही नसते.

सायकलवाल्याची तऱ्हा आणखी न्यारी. त्याला साइडपट्टी दिलेली आहे. तिच्यावर जेवायला थांबलेले ट्रक उभे, हॉटेलाची पाटी उभी आणि उरलेल्या जागेत उलट्या दिशेनं येणारी मोटारसायकल. गाळपाचा हंगाम असला की दोन-दोन ट्रॉल्यांचा ऊस, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. आणि आपलं सरकार मोठं प्रेमळ. मानव विकास योजनेतून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली देतं. सायकल दिल्याचा फोटो निघतो. ती चालवायची कुठं, हा विषय दुसऱ्या खात्याचा!

यामागचं गणित सरळ आहे. महामार्ग टोलवर चालतो. मोटारसायकलीला टोल नाही, सायकलीला नाही, पायांना तर नाहीच. पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकासाठी दुकानदार बाकडं टाकत नाही. म्हणून कार ताशी किती वेगानं जाईल याचा हिशेब आधी होतो आणि मग कधीतरी, आंदोलन झालं, दोन-तीन जीव गेले की गावापुढं एखादा गतिरोधक पडतो. तोही कधी कधी रात्रीतून उखडला जातो, कारण गाड्यांना 'त्रास' होतो.

आता कोणी म्हणेल, महामार्ग आहे, तो काय चालणाऱ्यांसाठी अडवायचा? अडवता येतो. आपल्याच जिल्ह्यात दर वर्षी अडवतात. कोजागिरीला आईच्या दर्शनाला सोलापूरहून तुळजापूरपर्यंतचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर लाखो माणसं रात्रभर तुडवत जातात. कर्नाटकातले जथे नळदुर्गच्या बाजूनंही येतात. तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, अवजड गाड्या दुसऱ्या मार्गानं वळतात, जागोजागी पोलीस उभे राहतात, चहा-फराळाचे मंडप लागतात, पाय चेपून देणारेसुद्धा असतात. तेव्हा हैदराबादचा व्यापार बुडाल्याचं कोणी ऐकलं नाही. देशाची प्रगतीही दुसऱ्या दिवशी तिथंच असते. म्हणजे कसं करायचं हे प्रशासनाला चांगलं येतं. भाविकाला रस्ता मिळतो. त्याच रस्त्यानं मंगळवारी रेशन आणायला निघालेल्या माणसाला मिळत नाही, कारण त्याच्या पायी चालण्यात पुण्य नाही, नुसती गरज आहे.

शहरातही फार वेगळं नाही. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यानं २०१६ साली पादचारी धोरण केलं. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रोड गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा झाला. बैलपोळ्याला बैलाला पुरणपोळी मिळते तसा हा पादचाऱ्याचा पोळा. दुसऱ्या दिवशी जू तयारच. तिकडं फिनलंडच्या हेलसिंकीनं अर्ध्याहून जास्त रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा घातली आणि जुलै २०२५ ला संपलेल्या वर्षभरात त्या शहरात रस्त्यावर एकही माणूस मेला नाही. आपल्याकडं २०२३ या एका सालात १ लाख ७२ हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर गेली. त्यांतली ३५ हजारांवर नुसती पायी चालत होती. ना हेल्मेट विसरलेली, ना सीटबेल्ट.

कायदा नाही म्हणून हे होतं असंही नाही. पायी चालणारे आणि बिगरमोटारी वाहनं यांच्यासाठी राज्यांना नियम करता यावेत म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३८ (१-अ) घातलं. त्यात राष्ट्रीय महामार्गाचा वेगळा उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये पदपथाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं आणि ऑक्टोबरमध्ये त्या कलमाखालचे नियम करायला राज्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. कलम येऊन सहा वर्षं झाली तेव्हा न्यायालयाला घड्याळ लावून द्यावं लागलं! टोलचे दर वाढवायला कधी न्यायालयात जावं लागल्याचं आठवतं का?

जळकोटच्या आणि महामार्गावरच्या सगळ्या गावांच्या सरपंचांना एवढंच सांगणं आहे : येत्या ग्रामसभेत सभामंडपाचा विषय पुढच्या खेपेला ठेवा. गावकरी खरोखर जिथून रस्ता ओलांडतात ती जागा मोजून घ्या. तिथं दिवा, वेग तोडणारे पट्टे आणि दुभाजकात थांबायला जागा मागणारा ठराव करा. साइडपट्टीवरचे ट्रक हलवायचंही त्यातच घाला. एक प्रत महामार्ग प्राधिकरणाच्या सोलापूर कार्यालयाला आणि एक जिल्हाधिकाऱ्यांना द्या, दोन्हींवर पोच घ्या. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात आणि रस्ता चालणाऱ्यांना कसा द्यायचा, हे त्यांच्या कार्यालयाला शिकवावं लागणार नाही.