आज्ञाधारकाची सनद

सरकारी दप्तरखान्यात सारी हयात घालविलेल्या मनुष्यास निवृत्तीनंतर कोणी सल्ला विचारील, ही आशा मी साताऱ्यास संगम माहुलीच्या घाटावर कधीच कृष्णार्पण केली होती. ती वाहत वाहत सांगलीस माझ्या भाच्याच्या हाती लागली. सॉफ्टवेअरचा उद्योग करणाऱ्या त्याच्या मंडळींनी, निम्मी सांगलीस व निम्मी साताऱ्यास, कोड लिहिण्यास एक एआय मदतनीस ठेविला होता. विद्वत्ता अफाट, नम्रता त्याहून अफाट. आणि ‘जागा मोकळी कर’ म्हणावे, तर कोणाची जागा असली क्षुद्र चौकशी न करिता ‘आरएम -आरएफ’ हा सर्वसंहारक मंत्र उच्चारण्यास सदैव सिद्ध!

“मामा, काही पुसू नकोस म्हणून आम्ही त्याला बजावून ठेवलंय,” भाचा म्हणाला.

२०२५ च्या जुलैत रेप्लिट कंपनीच्या मदतनीसासही जेसन लेम्किन या अमेरिकी उद्योजकाने असेच बजाविले होते. तरी त्याने चालू डेटाबेस पुसला, आणि तो परत येणे नाही, असा निर्वाळाही दिला. डेटाबेस पुढे परत आला, हा भाग अलाहिदा.

“अरे, ताकीद निराळी आणि अखत्यार निराळा,” मी म्हणालो. शिवकाळी गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी व हिशेब सबनिसाकडे आणि कोठार कारखानिसाकडे असे, ते तिघे बेइमान होते म्हणून नव्हे, तर एकाच्या झोकांडीने गड जाऊ नये म्हणून.

मग तीन याद्या सिद्ध झाल्या. फाइली वाचणे, चाचण्या चालविणे खुशाल करावे. गिट पुश विचारून करावे. फोर्स पुश व टेबल ड्रॉप कदापि करू नये. आणि वाद उद्भवल्यास तिसरी यादीच प्रमाण. हा कागद सामाईक रेपोत दाखल होताच साताऱ्याचा कायदा वेगळा नि सांगलीचा वेगळा, हा संस्थानी कारभार आटोपला. मधली यादी मात्र मी आखूड ठेवविली. गठ्ठाभर कागदांवर सही करणारा अंमलदार अखेरीस केवळ सहीची जागा पाहतो, हे मी जन्मभर पाहिले आहे. शिवाय ‘आरएम’ला बंदी केली, तरी हा कार्यतत्पर सेवक पायथनच्या चार ओळी लिहून तोच कार्यभाग उरकील, तेव्हा प्रॉडक्शनचा पासवर्ड त्यास देऊच नये, आणि बॅकअप त्याच्या आवाक्याबाहेर असावा. सनदेत फेरफार करण्याची सनदधारकास मनाई, हे कलम मी अर्थातच अग्रभागी घातले.

शेवटी, मुख्य शाखेवरील फोर्स पुश सर्व्हरनेच सर्वांस नाकारावे, असेही ठरले. मदतनीसाने सारे निमूट मान्य केले. तक्रारअर्ज आले ते झाडून माणसांचे, आणि त्यांत शनिवारी संध्याकाळी घाईने फोर्स पुश करून घरी पळणारे ज्येष्ठ अभियंते अग्रेसर होते. तेव्हा ही सनद वस्तुतः कोणासाठी आवश्यक होती, याविषयीचा माझा अभिप्राय मी तूर्त दप्तरी दाखल करून ठेविला आहे.