नाक मुरतंय

आमच्या घरात सध्या एका नाकावरून तीन तट पडले आहेत. पहिल्याचं म्हणणं, आधीचं काय वाईट होतं? दुसऱ्याचं, आताचं छान आहे, विषय संपवा. तिसऱ्या तटात नाकाची मालकीण, म्हणजे माझी भाची, एकटीच आहे आणि तिचं मत दिवसातून दोनदा बदलतं. सकाळी उठते तेव्हा शेंडा थोडा फुगलेला असतो, तेव्हा तिला रिव्हिजन करून घ्यायची असते, म्हणजे झालेल्या ऑपरेशनवर दुसरं ऑपरेशन. संध्याकाळपर्यंत सूज उतरते आणि बेत उद्यावर जातो.

आम्हा बहिणींच्या नाकावर मधोमध हाडाचा एक उंचवटा आहे. वडिलांकडून आलेला. चष्मा घसरत नाही, एवढाच त्याचा व्यवहारी उपयोग. तोच उंचवटा ताईच्या मुलीकडे गेला आणि तिने तो ठेवून घ्यायला नकार दिला.

नाक घडवण्याची हौस तशी आपल्याला नवी नाही. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई तेलाच्या बोटांनी त्याचं नाक चिमटीत धरून वर ओढते आणि आजी मोरीच्या दारातून ‘अजून जरा’ म्हणून सांगते. माझंही ओढलं होतं म्हणे. निकाल वर दिलाच आहे. आमच्यासारखा उंचवटा तर वयात येताना डोकं वर काढतो, आणि तोवर ती बाई साडी-चोळी घेऊन केव्हाच पुढच्या घरी गेलेली असते.

भाचीने स्वतःच्या पगारातून ऑपरेशन केलं. आठवड्याने प्लास्टर निघालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी टक लावून पाहिलं, आणि दिसलं ते नाक आधीच्यापेक्षा मोठं होतं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “हे तुमचं नाक नव्हे. तुमचं नाक यायला वर्ष लागेल.” बाहेर आल्यावर भाची म्हणाली, “मावशी, पैसे मात्र सगळे आजच घेतले.”

डॉक्टरांचं खरं होतं. हाड घासून कमी करता येतं, दोन्ही बाजूंची हाडं मोडून आत सरकवता येतात, पण वरची कातडी काही ब्लाउजसारखी बेतून शिवता येत नाही. आतल्या नव्या सांगाड्यावर तिला आपणहून आवळत बसावं लागतं. वरच्या भागाची सूज आधी ओसरते, शेंड्याची सगळ्यात शेवटी. कातडी जाड असेल तर वर्षही पुरत नाही. शिवाय आत व्रण भरताना ओढ बसते ती वेगळीच. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात सरळ वाटणारं नाक पाचव्यात एका बाजूला कलल्यासारखं दिसू शकतं, आणि पुढे ते कलणं कमीही होऊ शकतं. नाक मुरत असतं. मुरणाऱ्या वस्तूचं झाकण रोज उघडून पाहू नये म्हणतात, पण या वस्तूला झाकणच नाही.

सध्याची भीती शेंड्याच्या जरा वरच्या जागेची आहे. तिथे व्रणाचा जाड थर धरला किंवा शेंडाच खाली उतरला, तर नाक पोपटाच्या चोचीसारखं दिसायला लागतं. मधला उंचवटा काढायला गेले आणि तो खाली उतरून बसला, अशी तिची तक्रार. मला तिथे काही दिसत नाही. “तुला चष्म्याशिवाय पोपटसुद्धा दिसत नाही,” असं तिने मला लगेच ऐकवलं.

पुरावा म्हणून तिने फोन पुढे केला. त्यात नुसत्या नाकाचा एक आल्बम आहे. समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि खालून. खालून म्हणजे ज्या कोनातून आजवर फक्त दाढेच्या डॉक्टरांनी आपल्याकडे पाहिलेलं असतं. हे सगळे फोटो हात लांब करून स्वतःच काढलेले. आता या सेल्फीची एक खोड आहे. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २०१८ साली गणित मांडून दाखवलं की बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. कारण साधं आहे, कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ नाक असतं आणि कान बिचारे मागे राहतात. मी तिच्या हातातून फोन घेतला, तिला गॅलरीच्या दारात उभं केलं आणि सोफ्यामागून फोटो काढला. तिने तो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “यात बरं आहे. पण इतक्या लांबून मला बघतं कोण?” मी म्हटलं, “घरचे सोडून सगळे.”

खरा प्रश्न रिव्हिजनचाच आहे. वर्षाच्या आत बहुतेक सर्जन त्याला हात लावत नाहीत, आणि ते वेळ काढत असतात असं नाही. पहिल्या वेळी सुटे असलेले थर आता व्रणांनी एकमेकांना चिकटलेले असतात. नाकातल्या पडद्याची कूर्चा आधीच वापरून झाली असेल तर नवी कानातून घ्यावी लागते, आणि तीही पुरली नाही तर बरगडीतून. शेंड्याच्या वरच्या इवल्याशा फुगवट्यासाठी बरगडीला हात घालायचा, हे मला नाकापेक्षा मोती जड वाटतं. श्वास घेताना नाकपुडी आत ओढली जात असेल, एका बाजूने हवाच जात नसेल, तर गोष्ट वेगळी. श्वासाची एक तक्रार फोटोंच्या शंभर तक्रारींपेक्षा मोठी. भाचीला ती नाही. ती उत्तम घोरते.

वर्षभर थांबायचं म्हटल्यावर तिने जो चेहरा केला, तो पाहून मी तिला कावसजीची गोष्ट सांगितली. नाव पारशी वाटलं तरी त्या वेळच्या इंग्रजी मजकुरात त्याला मराठा शेतकरी म्हटलं आहे. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती लागला आणि नाक व एक हात गमावून परत आला. वर्षाहून जास्त काळ तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवलं. आधी मेणाचं नाक करून ते चेहऱ्यावर लावून पाहिलं, मग ते चपटं करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन भुवयांमध्ये एक पट्टी मात्र जोडलेलीच ठेवली, रक्त मिळत राहावं म्हणून. जागा धरून ठेवायला पाण्यात कालवलेला कात, आणि पुढे तुपाच्या पट्ट्या. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत चित्रासकट छापली. जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने पुढे याच रीतीचा अभ्यास केला आणि १८१४ साली लंडनमध्ये तसं ऑपरेशन केलं. मासिकात कावसजीचं नाव आलं, चेहरा आला. ज्याने नाक केलं त्याचं नाव काही आलं नाही, आणि मला याचा अजून राग येतो.

भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्याचं नाक नंतर बदललं का?” बदललं असणारच. कपाळाची कातडी जाड असते, तिला बसायला वेळ लागतो. पण बारा महिने नाकच नव्हतं, त्या माणसाने आरशात शेंड्याच्या वरचा फुगवटा शोधला असेल असं वाटत नाही.

हा युक्तिवाद तिला पटला नाही, आणि तिचंही चुकलं नाही. दुसऱ्याचं मोठं दुःख दाखवून आपलं लहान दुःख गप्प बसत नसतं. याच पुण्यात, कोंढव्याच्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळात, डॉ. नोशीर अँटिया यांनी रोगाने बसलेली नाकं उभी केली होती. बसलेलं नाक दिसलं की रस्त्यावरच्या माणसाला रोग कळायचा; माणूस बरा झाला तरी नाक त्याची चहाडी करायचं. चारचौघांत आपल्याकडे कोणी रोखून पाहू नये, एवढीच त्या रोग्यांची मागणी होती. भाचीची मागणीही नीट ऐकली तर फार वेगळी नाही. फक्त तिच्याकडे सर्वांत रोखून पाहणारी ती स्वतःच आहे.

आता ठरलंय असं, की वर्ष पुरं होईपर्यंत रिव्हिजनचा विषय काढायचा नाही आणि फोटो महिन्यातून एकदाच, तोही दुसऱ्या कुणी पाच फुटांवरून काढायचा. सुजेसाठी मिठाचं पथ्य डॉक्टरांनी सुरुवातीच्या आठवड्यांपुरतं सांगितलं होतं; ते तिने आपणहून अजून चालू ठेवलंय.

तुमच्याही नात्यात असं एखादं नवं नाक आलं असेल तर भेटायला जरूर जा. गेल्यावर नाकाकडे बघून ‘सूज आहे का अजून?’ एवढं मात्र विचारू नका. ती असते, आणि ते नाकाच्या मालकिणीला तुमच्याआधी सकाळीच कळलेलं असतं.