दाराचा मुहूर्त

चंद्रपूरचा माणूस पुण्या-मुंबईला गेला की त्याला तीनच प्रश्न विचारतात. वाघ दिसतो का, ऊन खरंच तेवढं असतं का, आणि सागवान स्वस्तात मिळेल का. पहिल्या दोहोंची उत्तरं आम्ही तिखटमीठ लावून देतो, तिसऱ्याचं छाती पुढे काढून. 2023 च्या मार्चअखेरीस अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून साग निघाला, तेव्हा लाकडांची वाजतगाजत मिरवणूक निघाली होती. नव्या संसद भवनातला साग बातम्यांत 'नागपूरचा' म्हणून छापून आला, तर आमच्या पानठेल्यावर त्याचा रीतसर निषेध झाला. तिकडे गडचिरोलीत आलापल्लीचं 'वनवैभव' 2014 पासून राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ आहे. सहाच हेक्टर, पण तिथल्या सागाकडे पाहताना डोक्यावरची टोपी पडते.

एवढ्या तालेवार लाकडाच्या मुलखात निम्म्या घरांची दारं श्रावणात लाथ मारल्याशिवाय लागत नाहीत, हे मात्र आम्ही बाहेर सांगत नाही. मे महिन्यात त्याच दाराच्या फळ्यांमधून, बेल वाजायच्या आधी, वर्गणीवाला आलाय की पाहुणा, ते कळतं.

दार अडलं की घरमालक मिस्त्रीला धरतो, मिस्त्री आरामशीनवाल्याकडे बोट दाखवतो, तो म्हणतो डेपोतलं लाकूडच ओलं होतं. खरी गुन्हेगार असते हवा, आणि तिच्यावर फिर्याद कोण करणार? झाड तोडलं म्हणून लाकडाचं पाणी पिणं सुटत नाही. आधी त्याच्या पोकळ्यांतलं मोकळं पाणी जातं. तोवर फळी जेवढीच्या तेवढी राहते. ओलावा अठ्ठावीस-तीस टक्क्यांवर आला की पेशींच्या भिंतींतलं पाणी निघायला लागतं, आणि तिथून फळी आकसते. पुढे आयुष्यभर हवा कोरडी झाली की देणं आणि दमट झाली की घेणं चालूच. मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळीसच्या वर आणि हवेत दमटपणा जेमतेम वीस टक्के, तेव्हा उघड्यावरची पातळ फळी चार-पाच टक्क्यांपर्यंत सुकते. ऑगस्टच्या झडीत तीच फळी सोळा-सतरावर जाते. साग त्यातल्या त्यात सोशिक म्हणायचा. तरीही दोन ऋतूंत आठ टक्क्यांचा फरक धरला, तर सहा इंची फळी रुंदीत दोन-अडीच मिलिमीटर हलते. पाच फळ्या जोडून केलेला पल्ला सेंटिमीटरभर फुगतो. आपण फट ठेवलेली असते तीन मिलिमीटर, तीही जास्त झाली म्हणून वहिनींनी मिस्त्रीला सुनावलेलं असतं.

त्यात आमचा कूलर. मार्चपासून मृगापर्यंत वऱ्हाड-चांद्यातली प्रजा याच्याच कृपेवर जगते. खोलीच्या आत कूलरची ओली हवा, बाहेर ओसरीवर भट्टी, आणि मधे बिचारं दार. एका अंगाने फुगतं, दुसऱ्या अंगाने सुकतं, आणि परातीसारखा बाक धरून उभं राहतं. लाकडाची पुस्तकं लिहिणाऱ्या मंडळींनी या यंत्राची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही, अशी माझी तक्रार आहे.

आमच्या घराच्या दारासाठी फळ्या आल्या त्या थेट हॉलमध्ये. मिस्त्रींचा हुकूम असा की जिथे दार राहणार, त्याच हवेत फळ्यांनी आधी राहायचं. जमिनीपासून उचललेल्या, दोन थरांमध्ये आडव्या पट्ट्या, भिंतीपासून वीतभर दूर, कूलरच्या झोताबाहेर. हे सगळं शास्त्रशुद्ध होतं. पण हॉलमध्ये कमरेएवढी सपाट जागा रिकामी आहे म्हटल्यावर ती रिकामी राहील, असं घर महाराष्ट्रात नाही. आधी त्यावर इस्त्रीचे कपडे आले, मग कुरड्या, मग शेजारच्या काकू.

मी ओलावा मोजायचं मीटर मागवलं. दोन सुया असतात, लाकडात खुपसायच्या. ओलं लाकूड विजेला वाट देतं, कोरडं अडवतं, त्यावरून आकडा येतो. पहिल्या दिवशी घरच्यांनी भिंत, बटाटा आणि कुरड्या तपासून घेतल्या. मिस्त्रींनी मीटर उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं,

"भाऊ, या मशीनले हे सागाचं लाकूड हाय, हे कोणी सांगतलं का?"

प्रश्नाला घरात हशा पिकला, पण माहितीपत्रक काढून बघतो तर मीटर डग्लस फर नावाच्या अमेरिकी झाडावर बेतलेलं. जात बदलली की आकडा सुधारून घ्यायचा. शिवाय लाकूड तापलेलं असेल तर मीटर आहे त्याहून जास्त ओलावा दाखवतं, म्हणजे चांद्याच्या उन्हाळ्याची वजावट वेगळी.

"आन् वरवर टोचून काय होते?" मिस्त्री म्हणाले. "वरून कोल्डं, पोटात ओलं. कापून पाहा."

कापून पाहायची रीत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खरी. फळीच्या टोकाचा थोडा भाग सोडून मधला तुकडा घ्यायचा, तोलायचा, 103 अंशांवर भट्टीत ठेवायचा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. गेलेलं पाणी भागिले कोरडं लाकूड, गुणिले शंभर. चोपन्न ग्रॅमचा तुकडा अठ्ठेचाळीसवर थांबला, तर साडेबारा टक्के. आमच्याकडे भट्टी म्हणजे केकचा ओव्हन. "अहो, नानकटाईला सागाचा वास येतोय," एवढंच सौभाग्यवती म्हणाल्या, पण ज्या सुरात म्हणाल्या त्यावरून प्रयोगशाळा बंद झाली.

जुने सुतार यातून केव्हाच सुटले होते. जुन्या घरांतली दारं पाहा: भक्कम चौकट, तिला आतून खाच, आणि खाचेत दिलहा, म्हणजे मधली फळी, नुसता बसवलेला, ना खिळा ना सरस. फुगायचं तेवढं फुग बाबा, तुझी जागा राखून ठेवली आहे. आमच्याही पल्ल्याला मिस्त्रींनी तेच केलं. बसवायचा मात्र दसऱ्यानंतर, असं त्यांनी बजावलं. ना भर उन्हाळा, ना झड, तेव्हा लाकूड मधोमध असतं.

गृहप्रवेश ठरला होता अक्षय्य तृतीयेला. गुरुजींना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, उंबरठा बसलाय ना? पूजा उंबरठ्याची, पल्ल्याचं शास्त्रात काही नाही. तेव्हा चौकटीला आंब्याचं तोरण, खाली उंबरठा, मधे आईची जुनी चादर, अशा थाटात प्रवेश झाला. मामांनी आहेरात भलंमोठं पितळी कुलूप दिलं. कुठे लावायचं ते त्यांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. पंगत हॉलमध्येच बसली. मामांचे गुडघे दुखतात, म्हणून ते आडव्या पडलेल्या पल्ल्यावर मांडी घालून आलू-वांग्याची भाजी ओरपत होते. मिस्त्री पंक्तीतून अर्धे उठून मला हळूच म्हणाले,

"भाऊ, मामा बसू द्या. मठ्ठ्याचा गिलास तेवढा खाली ठेवाले सांगा."