काकडी, खेकडा आणि दोन लाख

गणितावर सरकारने पैसा कशाला घालवायचा, असं ज्यांना वाटतं त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी वडखळ नाक्यावर यावं. यायला वेळ लागेल, पण तोच तर विषय आहे.

बगलरस्ता झाला तेव्हा आम्हा भाबड्यांना वाटलं, कोंडी संपली. कोंडी संपली नाही, तिची बदली झाली. सरकारी नोकराची होते तशी, जवळच आणि सोयीच्या जागी. आता ती अलिबाग फाट्याला रुजू आहे. एकीकडून शनिवार-रविवारची हवा खायला निघालेले मुंबईकर, दुसरीकडून डोलवीच्या पोलाद कारखान्याकडचे ट्रेलर, मध्ये एसटी, आणि उरलेल्या प्रत्येक फटीत एकेक मिनीडोर.

या नाक्यावर उपयोजित गणिताचा एकच जाणकार कामावर असतो, तो म्हणजे काकडीवाला. त्याला कसलंही अनुदान नाही. तो हॉर्नकडे कान ठेवून असतो. हॉर्न वाजताहेत तोवर लोकांना आशा आहे, म्हणजे धंदा नाही. हॉर्न थांबले, इंजिनं बंद झाली, की काचा खाली येतात. काच खाली आली की काकडी खपते. मग तो उभी चीर देऊन तिखट-मीठ भरतो आणि रांगेच्या शेपटाकडे चालू लागतो, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथल्याच गिऱ्हाइकाला काढायचा आहे. शुक्रवारी पाटी दुप्पट भरून आणायची हेही त्याला कोणी शिकवलेलं नाही.

हेच कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांगने 1909 मध्ये कागदावर मांडलं. रांगेच्या गणितातलं सगळ्यात साधं सूत्र असं सांगतं : नाक्याच्या ताकदीच्या 90 टक्के गाड्या आल्या, तर सरासरी 9 गाड्या तुंबलेल्या दिसतील. 95 टक्क्यांना 19. आणि 99 टक्क्यांना 99. शेवटच्या चार टक्क्यांत ऐंशी गाड्या वाढल्या, आणि आपले साहेब मात्र म्हणतात, ‘अचानक ट्रॅफिक वाढलं.’ ट्रॅफिक फारसं वाढलेलं नसतं. एका खड्ड्यापाशी प्रत्येकाने ब्रेक मारल्यामुळे नाक्याची ताकद तेवढी घटलेली असते. खड्डा बुजवणं हे थोर गणिती कार्य आहे, हे आमच्या बांधकाम खात्याला कळलं असतं तर त्यांनी ते गणित खात्याकडे वर्ग करून हात झटकले असते.

असं कामाचं गणित दुसरीकडे गांभीर्याने घेतात. 2011 साली जपानच्या क्यूशू विद्यापीठाने ‘उद्योगासाठी गणित’ अशी अख्खी संस्थाच काढली. हेच 2011 साल आमच्याकडेही ऐतिहासिक आहे. त्या वर्षी पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या महामार्गाच्या चौपदरीकरणाला सुरुवात झाली. पुढे काय झालं ते कोकणात गणपतीला जाणाऱ्या कोणालाही विचारा, फक्त लहान मुलं जवळ नसताना विचारा.

आपल्याकडे गणिताला पैसा मिळतच नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. केंद्राच्या तेव्हाच्या विज्ञान मंडळाने ‘मॅट्रिक्स’ नावाची खास योजना काढली. निवड झालेल्या गणितज्ञाला वर्षाला 2 लाख रुपये मिळत, अशी तीन वर्षं. एवढ्यात वडखळ ते पोयनाड पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फलकसुद्धा पुरे पडायचे नाहीत. शिवाय वर्षअखेरीला गणितज्ञाने उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. महामार्गाकडे असं प्रमाणपत्र कोणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

2023 मध्ये मात्र सरकारने मन मोठं केलं. नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत 50,000 कोटी! यातला मोठा वाटा उद्योगांनी द्यायचा आहे, हे वाक्य पुढच्या परिच्छेदात होतं. 2020-21 मध्ये देशाने संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के खर्च केला. आकडा लहान आहे खरा, पण दशांशचिन्हानंतर दोन घरं आहेत, तेवढंच गणित.

नाक्यावरची कोंडी निदान रात्री सुटते. खरं दुखणं नाक्याच्या मागे, धरमतर खाडीच्या काठाला आहे.

पेण-अलिबागचा खारेपाट म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली भातशेती. मध्ये मातीचा बांध, बांधाला उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं. पूर्वी बांधाची राखण गाव सामाईक अंगमेहनतीने करी, तिला जोळ म्हणत. मग 1948 साली खारजमिनींचा कायदा झाला, 1979 साली आणखी एक झाला, आणि बांध सरकारी झाले. म्हणजे फुटला तरी अर्ज करायचा. उधाणाने बांधाला खांडी गेली की खारं पाणी थेट शेतात, आणि मग दोन-तीन पावसाळे भात विसरायचं.

आता गंमत पाहा. उधाण ही दुनियेतली सगळ्यात वक्तशीर आपत्ती आहे. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती मीटर, हे भरतीच्या कोष्टकात वर्षभर आधी छापून येतं. हिंदुस्थानातल्या बंदरांच्या भरत्या वर्तवायला 1879 मध्ये, इथल्या सरकारसाठी, लंडनमध्ये चाकं-कप्प्यांचं एक यंत्र बनवलं होतं. सरकारी पैशातून गणित म्हणतात ते हेच, तेही काँप्युटरच्या कितीतरी आधी. एवढं असूनही बांध दर वर्षी ‘अचानक’ फुटतो.

फुटण्याच्या कारणांवरही एकमत नाही. गावात म्हणतात, बार्जच्या लाटांनी बांध खचला. कचेरीत म्हणतात, खेकड्यांनी पोखरला. खेकड्याला वकील परवडत नाही, त्यामुळे कचेरीची बाजू वरचढ ठरते. 2019 च्या जुलैत चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. शेवटी आंदोलक जिवंत खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले, अटक करा म्हणाले. लाट किती, माती किती, बीळ किती, हे मोजून मांडता येतं. पण मोजलं की उत्तर येतं, आणि उत्तराला मालक असतो.

हॉलंडला हीच अडचण मोठ्या मापाची होती. झाउडरझे हा समुद्राचा आत घुसलेला फाटा बांध घालून तोडायचा होता. तो तोडला तर बाहेरच्या किनाऱ्यावर भरती किती चढेल, यावर जाणत्यांचं जुळेना. 1918 मध्ये सरकारने समिती नेमली आणि अध्यक्ष केलं लॉरेंट्झ यांना. हा माणूस इलेक्ट्रॉनसारख्या गोष्टींवर नोबेल मिळवलेला, पाण्याशी संबंध पिण्यापुरता. त्यांनी आठ वर्षं बसून भरतीची समीकरणं सोडवली. 1926 मध्ये अहवाल, 1932 मध्ये 32 किलोमीटरचा बांध पुरा, आणि भरती त्यांच्या हिशोबाला धरूनच चढली. आमच्याकडे आठ वर्षांत एकच बांध तीनदा बांधून होतो, तोही एका समीकरणाशिवाय.

आपल्याला हे येत नाही असंही नाही. 1926 च्या पुरानंतर ओडिशात अभियंत्यांची समिती म्हणाली, ब्राह्मणी नदीचा तळ वर आला आहे, बांध उंच करा. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी साठेक वर्षांच्या पावसा-पुराच्या नोंदी चाळल्या आणि दाखवून दिलं की तळ होता तिथेच आहे, जास्तीचा पाऊस वरच्या खोऱ्यात पडला आहे. पाणी वरच अडवा. अख्ख्या प्रांताचं मातीकाम एका माणसाने वाचवलं. म्हणूनच बहुधा अशा माणसांना खारेपाटात फिरकू देत नाहीत.

आणि पाण्याचं गणित करणारी, 1916 साली निघालेली सरकारी प्रयोगशाळा खुद्द महाराष्ट्रात, खडकवासल्याला आहे. बंदरं, खाड्या, गाळ, लाटा यांची प्रतिरूपं तिथे हौदांतही होतात आणि संगणकावरही. देशभरची बंदरं तिच्याकडे सल्ल्याला जातात. वडखळच्या बांधाच्या आणि तिच्या मध्ये फक्त सह्याद्री आहे. आणि टेंडर.

बांधाच्या कामावर फलक लागतो. त्यावर रक्कम असते, ठेकेदार असतो, उद्‌घाटकांचा फोटो तर असतोच. उंची कोणत्या हिशोबाने ठरवली, तो रकाना नसतो. खारेपाटातल्या वाचकांनी तो आता मागून घ्यावा. कोणत्या वर्षाचं उधाण धरलं, लाट किती धरली, हिशोब कोणी केला, एवढे तीन प्रश्न पुरेत. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो.