चित्र बोंडाएवढं, अक्षरं मुंगीएवढी

मृगाच्या तोंडावर जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा. कपाशीच्या पाकिटांच्या थप्प्या लागलेल्या असतात. पाकिटावर पान दिसू नये इतकी बोंडं फुटलेली, आभाळ गर्द निळं, नावं ‘जादू’, ‘कबड्डी’, ‘मनीमेकर’. शहरातून आलेला शिकलासवरला पाहुणा ते बघून नाक मुरडतो : किती हे भडक!

त्याच पाहुण्याच्या स्वयंपाकघरात सेंद्रिय पिठाचं पाकीट असतं. खाकी कागद, एकाच रंगाची शाई, सुरकुतलेल्या हातांचं काळंपांढरं चित्र. ते त्याला ‘साधं’ वाटतं, जाहिरात वाटतच नाही. पण जाहिराती दोन्ही आहेत आणि दोघींत लबाड दुसरी आहे. बियाण्याचं पाकीट शेतकऱ्याला गिऱ्हाईक मानून त्याच्या तोंडावर बोलतं. पिठाचं पाकीट शेतकऱ्याच्या सुरकुत्या दाखवून तिसऱ्याच माणसाला सुखावतं. तिथे शेतकरी फक्त शोभेला.

आवडनिवड उपजत नसते, ती वर्गातून घडते आणि खालच्याला खाली ठेवायला वापरली जाते, हे पिएर बोर्दिय या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये ग्रंथभर पुरावे देऊन मांडलं. आपण मात्र अजून आपल्या आवडीला संस्कार म्हणतो आणि दुसऱ्याच्या आवडीला भडकपणा.

त्या भडकपणामागे व्यवहार आहे. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत २०१६ पासून केंद्र सरकार ठरवतं. २०२५ च्या हंगामात बीजी-२ या प्रकारच्या बीटी कपाशीचं पाकीट जास्तीत जास्त ९०१ रुपयांना होतं, मग कंपनी कुठलीही असो. बोंडअळीविरुद्धचं तंत्रज्ञानही तेच. वाण वेगळा असला तरी त्याचा गुण रानात पेरल्यावरच कळतो. मग काउंटरवर उरतं काय? दुकानदाराची शिफारस, शेजाऱ्याचा अनुभव आणि चित्र. गर्दीत, घाईत, उधारीवर घेणाऱ्याच्या नजरेत भरायचं तर रंग गडदच लागतात. तसंच रस्त्याकडेच्या भिंतींवर सळईच्या जाहिरातींची अक्षरं हातभर असतात, ती धावत्या एसटीतून वाचता यावीत म्हणून.

तेव्हा माझं भांडण रंगाशी नाही. ही चित्रं कुणाशी बोलतात आणि काय लपवतात, याच्याशी आहे.

बोलतात ती ‘शेतकरी बंधूं’शी. खुरपणी बाईची, वेचणी बाईची, कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकणं बाईचं. पण वाण निवडायची वेळ आली की जाहिरातीला समोर फक्त बंधू दिसतात. ज्या बाईच्या हाताला कुठल्या वाणाचं बोंड सहज सुटतं आणि कुठल्याचं टोचतं हे पक्कं ठाऊक असतं, तिला कुणी गिऱ्हाईक धरतच नाही.

आणि लपवतात ते पाकिटाच्या मागच्या बाजूला. उगवणशक्ती किती टक्के, तपासणी कधी झाली, वैधता कधीपर्यंत, लॉट नंबर कोणता, हे सगळं कायद्याने छापावंच लागतं म्हणून छापलेलं असतं. पण अक्षरं अशी की चष्म्यालाही घाम फुटावा. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने मराठवाड्याची कपाशी पोखरली. पाकिटावरची बोंडं मात्र पुढच्या हंगामातही तितकीच टपोरी होती. नुकसानीची तक्रार करायला गेलं की विचारतात पावती आणि लॉट नंबर, आणि लॉट नंबर म्हणजे नेमकं तेच जे चित्राने झाकून टाकलेलं असतं.

हे जालन्यात तरी चालायला नको. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी इथेच सुरू केली. संकरित बियाणं देशभर नेण्यात या गावाचा वाटा मोठा आहे. २००२ मध्ये बीटी कपाशीला देशात मंजुरी मिळाली, तीही महिकोच्या वाणांपासून. बियाण्याचं माहेर म्हणवणाऱ्या गावाने बियाणं विकायची रीतही घालून द्यावी.

रंग खुशाल गडद ठेवा. पण उगवणशक्ती, वैधता आणि लॉट नंबर पाकिटाच्या दर्शनी बाजूला, मराठीत, वाणाच्या नावाएवढ्याच ठळक अक्षरांत छापा. कंपन्या आपणहून छापणार नसतील तर सरकारने तसा नियम करावा. आणि तोवर, बंधूंनो आणि भगिनींनो, पाकीट आधी उलटं करून वाचा, पक्की पावती घ्या, आणि मगच पैसे मोजा.